पिल्लाआधी त्याची आई रानात बघा

पत्र: मी मूळचा आटपाडीचा. नोकरीच्या निमित्तानं मिनेसोटातल्या ड्युलुथला आलो आणि इथलाच झालो. ग्रीनकार्डही झालं. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मला शिकारीला नेऊ लागले आणि रफ्ड ग्राउज या रानपाखरानं मला वेड लावलं. त्यांची म्हातारी इंग्लिश सेटर कुत्री मागच्या हिवाळ्यात गेली. नवं कुत्रं पाळायचं आता त्यांचं वय नाही, पण 'तू घे, शिकवायला मी आहे' असं म्हणतात. मला एक जाहिरात दिसली. तीन राज्यं पलीकडे आठ आठवड्यांची सेटरची पिल्लं आहेत, 'चॅम्पियन ब्लडलाइन', फोटो सुरेख. रविवारपर्यंत पाचशे डॉलर पाठवले तर पिल्लू राखून ठेवतील, मग गाडीनं घरपोच. घेऊ का? कुठल्या जातीचं सेटर घ्यावं, नर की मादी, आणि वेतातलं नेमकं पिल्लू कसं ओळखायचं? सहा वर्षांची मुलगी आहे. बायको तयार आहे, पण तिला धास्ती वाटते. आई फोनवर विचारते, पाखरं मारायला कुत्रं कशाला पाळतोस?
– एक वाचक, ड्युलुथ

उत्तर: पैसे पाठवू नका.

पिल्लं वाईटच असतील असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पत्रात पिल्लांचे फोटो आहेत, किंमत आहे, तारीख आहे, आणि त्यांच्या आईबद्दल एक अक्षर नाही. ती शिकार करते का, कुठल्या पक्ष्याची करते, कोणाबरोबर करते, हे तुम्हाला माहीत नाही. जाहिरातवाल्यानंही ते सांगितलेलं दिसत नाही. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार खोंड घेणारा माणूस आधी गाय कुणाची आणि वळू कुठला हे विचारतो, खोंडाच्या पाठीवर हात नंतर ठेवतो. इथंही तसंच करायचं. तुमच्या सगळ्या प्रश्नांमध्ये 'वेतातलं नेमकं पिल्लू कोणतं' हा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. 'नेमकं वेत कोणतं' हे ठरवलंत की बहुतेक काम झालं.

याचं कारण सेटरच्या कामातच आहे. आपल्याकडचा कारवानी कुत्रा ससा नजरेनं हेरतो आणि धावून गाठतो. सेटरनं पाठलाग करायचाच नसतो. त्यानं वाऱ्यावरचा वास घेत झाडी पालथी घालायची, आणि पाखराचा वास नाकात भरला की जागच्या जागी थिजायचं. तुमच्या शेजाऱ्यांच्या कुत्रीचं हे तुम्ही पाहिलं असेल. धावता धावता तिची मान एकदम वाऱ्याकडे वळते, पुढचा एक पाय अर्धा उचललेला तसाच राहतो, शेपटीचं हलणं थांबतं आणि ओठ वासाच्या नादात किंचित थरथरतात. गळ्यातली घंटा वाजायची बंद झाली की शिकाऱ्याला कळतं, कुत्री पॉइंटवर आहे. हे थिजणं कुणी शिकवत नाही, ते रक्तातून येतं. किती लांबून थांबायचं याचा अंदाज, मालकाशी संधान ठेवून शोधण्याची सवय, दिवसभर काटेरी झाडीत घुसायची हौस, हे सगळं बऱ्याच अंशी आई-बापांकडून येतं. शिकवून त्याला वळण लावता येतं. मुळात नसलं तर आणता येत नाही.

त्यातही ग्राउज हे फार सावध पाखरू. पाळीव फार्मवर वाढवून सोडलेला फेझंट कुत्र्याच्या नाकासमोर बसून राहतो. ग्राउजला कुत्रं जरा जास्त जवळ आलंसं वाटलं की ते पायी सटकतं नाहीतर फडफडत उडून जातं. म्हणून ग्राउजच्या कुत्र्याला वासाच्या पहिल्या झुळकेवर, लांबूनच थांबायचं शहाणपण लागतं. फार्मवरच्या पक्ष्यांवर उत्तम काम करणाऱ्या आई-बापांची पिल्लं तुमच्या अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या रानात कशी निघतील, हे त्या कामावरून सांगता येत नाही. ब्रीडरला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: ही कुत्री जंगली ग्राउज आणि वुडकॉक या दुसऱ्या रानपाखरावर काम करते का, आणि ती काम करताना मला बघायला मिळेल का?

दुसरा प्रश्न 'चॅम्पियन' या शब्दाचा. कशाचा चॅम्पियन? गेल्या दीडशे वर्षांत सेटर दोन वाटांनी गेले. एडवर्ड लॅव्हरॅक या इंग्रजानं 1825 मध्ये पाँटो आणि ओल्ड मॉल या जोडीपासून आपला वंश वाढवायला सुरुवात केली. पुढे पर्सेल लेवेलिन यांनी त्या वंशाचा दुसऱ्या रक्ताशी संकर करून रानात काम करणारी कुत्री तयार केली. ती अमेरिकेत आली आणि इथल्या शिकाऱ्यांनी उचलून धरली. दुसरीकडे त्याच इंग्लिश सेटरला डॉग शोच्या रिंगणात मान मिळाला, तिथं देखणं डोकं, लांब केस आणि भारदस्त अंग याला गुण मिळत गेले. आज शोमधला नर सहज तीस किलोच्या आसपास भरतो, रानातलं कुत्रं बहुधा वीस-बावीस किलोचं, चपळ आणि कमी केसांचं असतं. दोन्ही इंग्लिश सेटरच. पण शोमधल्या घराण्यात कित्येक पिढ्या कुणी पाखराचा वास घेणारं कुत्रं मुद्दाम निवडलेलं नसतं. जाहिरातीतला चॅम्पियन शोचा निघाला, तर तुमच्या कामाला त्या शब्दाचा उपयोग नाही.

कागदांचंही असंच. अमेरिकन केनेल क्लब असो किंवा 1874 पासून चालू असलेलं, शिकारी कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारं 'फील्ड डॉग स्टड बुक' असो, नोंदणीचा कागद एवढंच सांगतो की याचे आई-बाप हे आहेत. ते चांगले आहेत असं तो सांगत नाही. 'लेवेलिन' हे नाव लावून जास्त पैसे मागणारेही भेटतील. लेवेलिनमध्ये उत्तम कुत्री आहेत, पण नुसत्या नावावर जाऊ नका.

आता जाती. तुमच्यासाठी मी शिकारी घराण्याचं इंग्लिश सेटर सुचवीन. तुमच्या भागात या जातीची ग्राउजवर काम करणारी घराणी पिढ्यान् पिढ्या जोपासली गेली आहेत आणि तुमच्या गुरूचा हातही याच जातीवर बसलेला आहे. हे दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. स्कॉटलंडचं काळं-तांबूस गॉर्डन सेटर बांध्यानं जड, माणसाला चिकटून राहणारं, साधारणपणे जवळ फिरून शोध घेणारं. पायी रमतगमत शिकार करणाऱ्यांना ते आवडतं. आयरिश सेटरचं शोमुळे शिकारीच्या दृष्टीनं फार नुकसान झालं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही जिद्दी लोकांनी इंग्लिश सेटरचं रक्त घालून त्यातून पुन्हा कामाची लाल कुत्री उभी केली, ती 'रेड सेटर' म्हणून ओळखली जातात. त्यातलं एखादं काम करताना पाहिलंत आणि मन बसलं तर जरूर विचार करा.

मग ब्रीडर शोधायचा कसा? जाहिरातीत शोधू नका, रानातल्या माणसांना विचारा. तुमच्या शेजाऱ्यांनी आपली कुत्री कुठून आणली होती? त्या घराण्याचं आज काही शिल्लक आहे का? तिथून सुरुवात करा. रफ्ड ग्राउज सोसायटीच्या स्थानिक शाखेच्या कार्यक्रमाला जा, ग्राउजवरच्या फील्ड ट्रायल, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या रानातल्या स्पर्धा, वसंतात आणि शरदात होतात, तिथं प्रेक्षक म्हणून जा. एक-दोन सकाळी मालकांच्या मागून चाललात की कुठलं कुत्रं तुमच्या चालीचं आहे हे तुम्हालाच कळायला लागेल. ट्रायल जिंकणारी काही कुत्री फार लांब आणि वेगात फिरतात. पायी शिकार करणाऱ्या, त्यातून नवख्या माणसाला ती झेपत नाहीत. तुम्हाला हवं ते कुत्रं दाट झाडीत घंटेच्या आवाजाच्या टापूत राहतं आणि न बोलावता मधूनमधून तुमची चाहूल घेतं.

चांगला ब्रीडर तुम्हालाही प्रश्न विचारतो, हे लक्षात ठेवा. घर कसं आहे, दिवसभर घरी कोण असतं, शिकार किती करता, आधी कुत्रं होतं का. जो फक्त पैसे कधी पाठवता एवढंच विचारतो, तो पिल्लू कुठं जातंय याची फिकीर करत नाही. शिवाय बहुतेक चांगल्या वेतांची नोंदणी पिल्लं जन्मायच्या आधीच झालेली असते. तेव्हा थांबायची तयारी ठेवा.

तब्येतीच्या बाबतीत दोन गोष्टींवर अजिबात तडजोड करू नका. पहिली कंबरेच्या सांध्यांची. ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स, म्हणजे ओएफए, ही संस्था कुत्र्यांच्या एक्स-रेवरून सांध्यांना दर्जा देते आणि अंतिम दाखला कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावरच मिळतो. आई आणि बाप दोघांचे दाखले मागा. 'व्हेटनं बघितलंय, छान आहे' हे उत्तर पुरत नाही. ओएफएच्या संकेतस्थळावर कुत्र्याचं नोंदणीकृत नाव टाकून निकाल स्वतः बघता येतो. कोपराचा आणि थायरॉइडचा निकालही तिथंच दिसला तर उत्तम.

दुसरी गोष्ट कानांची. पांढऱ्या रंगाच्या जनुकांमुळे इंग्लिश सेटरमध्ये जन्मजात बहिरेपण आढळतं, कधी दोन्ही कानांत, बहुतेकदा एकाच. दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू जाणकाराला ओळखू येतं. एका कानाचं मात्र अगदी चांगल्या पिल्लासारखंच वागतं, कारण त्याला ऐकू येतं, फक्त आवाज कुठून आला ते समजत नाही. घरात त्यानं काही बिघडत नाही. रानात तुम्ही डावीकडून शिट्टी मारलीत आणि कुत्रं उजवीकडे धावलं, तर ते हरवायला वेळ लागत नाही. बीएईआर नावाची चाचणी यासाठी असते. कानात आवाजाची टकटक सोडतात आणि डोक्यावरच्या कातडीत टोचलेल्या बारीक सुयांवाटे मेंदूचा प्रतिसाद मोजतात. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की ही करता येते, काही मिनिटांत होते, आणि प्रत्येक कानाचा निकाल वेगळा मिळतो. इंग्लिश सेटरच्या अख्ख्या वेताची चाचणी करून घेणारा ब्रीडर मिळाला तर त्याला मी पहिली पसंती देईन. गॉर्डन किंवा आयरिश घेणार असाल तर डोळ्यांच्या पडद्याच्या आनुवंशिक आजाराची डीएनए चाचणीही विचारा.

एवढं जमलं की मग पिल्लू. सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या वागण्यावरून पुढचा शिकारी ओळखायचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण त्यावर फार भरवसा ठेवण्यासारखं काही हाती आलेलं नाही. काठीला दोरी बांधून पाखराचं पंख पिल्लासमोर नाचवतात, पिल्लू थिजतं आणि फोटो निघतो. बघायला गोड वाटतं, पण ते पिल्लू डोळ्यांनी थांबतंय. तुम्हाला नाकानं थांबणारं हवं. हा खेळ एखाद-दुसऱ्या वेळी ठीक आहे, रोज खेळलात तर पिल्लाला नजरेवर शिकार करायची सवय लागते. निवडताना डोळे स्वच्छ आहेत का, जबडा जुळतो का, बेंबीशी गाठ नाही ना, नर असेल तर दोन्ही वृषणं उतरली आहेत का, एवढं तपासा. मग जमिनीवर बसा. अनोळखी माणसाकडे आपणहून येणारं, भांडं पडल्यावर दचकलं तरी लगेच परत हुंगायला येणारं पिल्लू घ्या. कोपऱ्यात दडून बसलेलं दया येऊन घेऊ नका. तुमचं घर मुलीच्या हसण्या-ओरडण्याचं असणार, तिथं भित्र्या जिवाची परवड होते. आणि वेत रोज पाहणाऱ्या ब्रीडरचं मत विचारा. तुमच्या अर्ध्या तासापेक्षा त्याचे आठ आठवडे जास्त सांगतात.

नर की मादी यावर मी फार वेळ घालवणार नाही. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि ते तीन आठवडे नेमके ऑक्टोबरात आले तर हंगामाचा खोळंबा होतो. बाकी कामात फरक कुत्र्या-कुत्र्यांत असतो, नर-मादीत नाही. नसबंदी करायचीच असेल तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं का, हे व्हेटला विचारून ठरवा.

वेळेचा मात्र नीट विचार करा. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेलं पिल्लू मे-जूनमध्ये घरी येतं आणि मिनेसोटात ग्राउजचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो तेव्हा ते पाच-सहा महिन्यांचं असतं. पहिल्या शरदात त्याच्याकडून काही अपेक्षा करू नका, नुसतं रानात फिरवा. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाणारे वुडकॉक ओलसर झाडीत उतरतात. हे पाखरू कुत्र्यासमोर दबून बसतं, त्यामुळे कोवळ्या कुत्र्याला वास, थांबणं आणि पाखराचं उडणं यांचा मेळ त्याच्यावर लवकर कळतो. माझ्या मते तुमच्या भागातलं सर्वांत चांगलं शिक्षण हेच. एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सरकारी जमिनीवर शिकारी कुत्र्यांचा सराव करायला मिनेसोटात बंदी असते, तो पाखरांच्या घरट्यांचा काळ आहे. ते तीन महिने पिल्लाला अंगणात हाकेला यायला शिकवा.

बंदुकीच्या आवाजाला घाबरणारी कुत्री जन्माला क्वचित येतात, बहुतेक माणसांच्या घाईनं घडतात. पिल्लू आवाजाला घाबरतं का हे बघायला त्याच्या डोक्याशी बार काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ते पाखरामागे बेभान धावत असताना शेजाऱ्यांनी लांबून, शंभरेक पावलांवरून, एक फुसका बार काढायचा. पिल्लानं वळूनही पाहिलं नाही तर काही दिवसांनी थोडं जवळून. जरा बावरलं तर परत लांब जायचं आणि काही आठवडे थांबायचं. मेमध्ये आणलेलं पिल्लू चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जेमतेम तीन-चार महिन्यांचं असेल. त्या रात्री त्याला फटाक्यांच्या जवळपासही नेऊ नका. खिडक्या लावून, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून घरात त्याच्याजवळ बसा.

तुमच्या पत्नीची काळजी मला रास्त वाटते. सेटर स्वभावानं मवाळ असतं आणि मुलांमध्ये रमतं, पण पहिल्या वर्षी ते चावरं, उनाड आणि न थकणारं असतं. हिवाळ्यात वजा वीस अंशांतही त्याला रोज पळवावं लागतं. लांब केसांत काटे आणि कुसळं अडकतात, ती शिकारीनंतर तासभर बसून काढावी लागतात. तुमच्या भागात गोचिडींमुळे लाइम रोग होतो, त्याचं औषध आणि लस यांबद्दल व्हेटशी बोला. साळिंदराचे काटे तोंडात घुसले तर काय करायचं हे शेजाऱ्यांकडून आधीच शिकून घ्या. पिल्लाची किंमत ही या सगळ्या खर्चातली छोटी बाब असते. हे बारा वर्षांचं काम आहे आणि ते अंगावर घ्यायला दोघंही राजी हवेत. एक वाट अशीही आहे: दीड-दोन वर्षांचं, प्राथमिक शिकवलेलं कुत्रं विकत मिळतं. ते कितीतरी महाग पडतं, पण शिशुपणाचा गोंधळ टळतो आणि काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. घरी बसून दोघं याचाही विचार करा.

बंदुकीच्या कायद्याबद्दल, तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी: ग्रीनकार्ड असल्यानं तुम्हाला अडचण नाही, पण एच-1बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, वैध शिकारी परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून सेटर शोधू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि एवढ्या केसांच्या, दिवसभर धावण्यासाठी घडलेल्या कुत्र्याला सोलापूर-नागपूरच्या उन्हात घरात कोंडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी माझ्या मनातलं सांगते. बंदुकीनं पाखरू मारणाऱ्या प्रत्येकाच्या हातून एखादं पाखरू नुसतं जखमी होतं, झुडपात शिरतं आणि माणसाला सापडत नाही. चांगलं कुत्रं ते पाखरू हुडकून काढतं. शिकार करायचीच असेल तर पडलेलं प्रत्येक पाखरू घरी यावं आणि ताटात यावं, आणि कुत्र्याशिवाय ते होत नाही. आईंना शिकारच मान्य नसेल तर एवढ्यानं त्यांचं समाधान होणार नाही, आणि त्यांचं ते मत आदरानं ऐकून घ्यायला हवं.

आता जाहिरातवाल्याला एक निरोप पाठवा: आई-बापांची नोंदणीकृत नावं, दोघांचे ओएफए क्रमांक, पिल्लांच्या कानांचा निकाल आणि आई ग्राउजवर काम करतानाचा व्हिडिओ. हे सगळं आलं तर गाडी काढून स्वतः बघायला जा, शेजाऱ्यांना बरोबर न्या. उत्तर आलं नाही किंवा 'रविवारपर्यंत पैसे' एवढंच आलं, तर विषय संपला. येत्या हंगामात दोन-तीन घराण्यांची कुत्री रानात बघा, डिसेंबरपर्यंत एका ब्रीडरकडे नाव नोंदवा. वेत ठरलं की आई-बापांची नावं मला कळवा, वंशावळीचा कागद आपण मिळून वाचू.